कूलरमध्ये उकळलेलं पाणी

माझा आवाज मोठा आहे, हे लहानपणापासून ज्याने त्याने मला सांगितलं. नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, बाहेरगावचे फोन जोडून द्यायला, ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा तो आवाज पहिल्यांदा कामाला आला. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचा बोर्ड, आणि दिवसभर एकच घोषा, "हॅलो बॉम्बे, नागपूर बोलतेय." आम्ही ऑपरेटर बायका एकमेकींना शहराच्या नावानेच ओळखायचो. रायपूर लाजाळू होती, जबलपूर बोलघेवडी होती, आणि बॉम्बेची एक होती, तिच्याशी माझं रोज वाजायचं. ती लाइन द्यायला उशीर करायची, मी तिला झापायचे, ती मला दुप्पट झापायची. तोंड मात्र आम्ही एकमेकींचं कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही भावंडं दोघंच, मी आणि माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, बाबा मिलमध्ये होते, तेही पुढे गेले. भावाला घरीदारी सगळे बाबू म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते. बाबू चोविसाव्या वर्षी शाळेत मास्तर म्हणून लागला आणि वर्षाच्या आत त्याच्या पायांवर सूज दिसायला लागली. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. किडनी बदलता येते हे आमच्या वस्तीत कुणी ऐकलंही नव्हतं. दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले, गेलो. तिथे माझं रक्त त्याच्याशी जुळलं. मी फार विचार केला असं काही म्हणणार नाही. विचार करायला वेळ कुठे होता? डाव्या कुशीत वीतभर शिवण घेऊन मी खाटेवर पडले होते, तेव्हा नर्सने बाबूच्या लघवीची बाटली आणून माझ्यासमोर वर धरली. नवी किडनी चालू झाली होती. मी हुंदके देऊन रडले. एवढ्या मोठ्या बाईने लघवी पाहून रडावं, यावरून बाबू मला पुढे कितीतरी वर्षं चिडवायचा.

निघताना तिथल्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, परक्याची किडनी शरीर बाहेर ढकलायला बघतं, म्हणून शरीराची ताकदच कमी करणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. त्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या. पण ताकद कमी झाली की कुठलाही जंतू आत शिरतो. साध्या सर्दीलाही भ्यायचं. आणि तापाची वाट पाहायची नाही, कारण या गोळ्या ताप झाकून ठेवतात. हे सगळं मी घरी आल्यावर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलं.

मार्चमध्ये नागपुरात उतरलो आणि मी घरावर पहारा बसवला. पहारा म्हणजे मीच. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे त्याच्या खाटेवर बसायचं, कपाळाला हात लावायचा, चहा घ्यायचा आणि असंच दुखणं होऊन आपल्या ओळखीत कोण कोण गेलं ते सविस्तर सांगायचं. छप्पन साली बाबांच्या बरोबरीने दीक्षा घेतलेली माणसं होती ती, आमच्या लग्नामरणाला घरच्यासारखी धावणारी. त्यांना मी खिडकीबाहेर बाक टाकून दिला. तिथूनच बोला, म्हणायचे. लोक बिचारे उन्हात बसून खिडकीच्या गजांशी बोलायचे आणि बिस्किटाचा पुडा गजांतून आत सरकवायचे. मी तो पुडासुद्धा पुसून घ्यायचे.

नरखेडकडच्या एका खेड्यातून माझी आत्या आली. बाबांची थोरली बहीण, विधवा, लोकांच्या संत्र्याच्या बागेत राबून म्हातारी झालेली. एस.टी.ने येताना मांडीवर संत्र्यांची टोपली घेऊन आली होती. मी ड्युटीवरून घरी आले तर ही बाबूच्या खाटेवर बसून संत्रं सोलून देते आहे, एकेक फाक त्याच्या तोंडात घालते आहे. माझं डोकंच फिरलं.

"तुले काही समजते का?" मी ओरडले. "हात धुतले का तू? माझी किडनी आहे ती. गावची माती चारून सडवतं का तिले?"

आत्याच्या हातातली फाक हातातच राहिली. "बरं वं पोरी," ती म्हणाली. "मले काय समजते."

त्या दिवसापासून आत्या माझ्या घरात विचारल्याशिवाय बोलली नाही. परत मात्र गेली नाही. मी ड्युटीवर असताना स्वयंपाक करायची, बाबूचं पाणी वीस मिनिटं उकळायची, बाहेरच्या खोलीत गोधडी टाकून झोपायची. मला वाटलं, चला, म्हातारी वळणावर आली.

आणि 'माझी किडनी' हे तर माझं पालुपदच झालं होतं. बाबूने लोणच्याकडे पाहिलं की म्हणायचं, माझ्या किडनीला मीठ चालत नाही. तो उन्हात गॅलरीत उभा राहिला की म्हणायचं, माझी किडनी वाळवू नको. मी हसून म्हणायचे. तोही हसायचा.

मे महिना आला. नागपूरचा मे काय असतो हे नागपूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळत नाही. दुपारी भिंतीला हात लावला तर तवा वाटतो. आमच्याकडे कूलर होता, पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या. वरून त्यांवर पाणी ठिबकतं आणि मधला पंखा त्या ओल्या गवतातून हवा ओढून खोलीत टाकतो. दर वर्षी उन्हाळा लागला की मी इतवारीत जाऊन नवा वाळा आणायचे आणि ताट्या भरून घ्यायचे. त्या वर्षी नाही गेले. इतवारीची धूळ, हातगाड्या, शंभर माणसांचे हात लागलेलं गवत मला बाबूच्या खोलीत नको होतं. गेल्या वर्षीच्या ताट्या माझ्याच हाताने प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवल्या होत्या. घरच्या, म्हणजे स्वच्छ. त्या काढल्या, लावल्या. आणि माझी हुशारी ऐका, कूलरच्या टाकीत मी उकळून गार केलेलं पाणी भरलं. तीन पातेली, रोज. शेजारीण खिडकीतून म्हणाली, कूलरले चहा पाजून राहिली का वं? मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

कूलर बाबूच्या उशाशी लावला. वाळ्याचा गोड वास खोलीभर पसरला. तो डोळे मिटून म्हणाला, "मस्त वाटून राहिलं, ताई." मला इतकं समाधान वाटलं की त्या रात्री मी खिडकीबाहेरच्या बाकावर बसलेल्या लोकांनाही चहा दिला.

तीनेक आठवड्यांनी त्याला खोकला सुरू झाला. कोरडा, ठसका लागल्यासारखा. मी दिवसातून तीनदा थर्मामीटर लावायचे. ताप नाही. ताप नाही म्हटल्यावर मी निवांत. कपाटाच्या दारावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, तापाची वाट पाहायची नाही, आणि ते दार मी रोज उघडत होते. एका दुपारी ड्युटीवरून आले तर बाबू खाटेवर ताठ बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे श्वासागणिक वर जाताहेत. काय झालं विचारलं तर त्याला चार शब्दांचं वाक्य एका दमात पुरं करता येईना. मी आणि आत्याने त्याला मधे घेतलं आणि रिक्षाने दवाखान्यात नेलं.

फोटो काढला. उजव्या फुप्फुसात पांढरा डाग, न्यूमोनिया. इंजेक्शनं सुरू झाली. चार दिवस झाले, फरक नाही, उलट नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. कुणी म्हणालं टीबी असेल. तेव्हा प्रत्येक खोकल्याला आधी टीबीच म्हणायचे. छातीच्या एक लेडी डॉक्टर होत्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्या मात्र स्टूल ओढून खाटेशी बसल्या आणि घरचं विचारायला लागल्या. ओल कुठे आहे का, जुनं धान्य साठवलंय का, कबुतरं बसतात का, कुठे बुरशी धरली आहे का.

"माझ्या घरात?" मी म्हणाले. अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं. "डॉक्टर, माझ्या घरात माशी बसत नाही."

आत्या खाटेच्या पायथ्याशी डबा घेऊन उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरांनी ते पाहिलं.

"आजी, तुम्ही काही म्हणत होता."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहून म्हणाली, "कूलरच्या ताट्या हायेत, बाई. मागच्या सालच्या. त्याईले बुरशीचा वास येऊन राहिला होता. संत्र्याच्या ढिगात खालचं एखादं सडलं का येते, तसा. वरून वाळ्याचा गोड वास, अन् त्याच्या अंदर तो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तुम्ही घरात सांगितलं का नाही?"

"ही ओरडली असती," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. ऊन होतं म्हणून बाहेर गेले नाही असं सांगावं, तसं तिने सांगितलं.

मी तशीच घरी आले. कूलरची पिन काढली, तोंडाला पदर बांधून ताट्या उपसल्या आणि अंगणात आपटल्या. वरचं गवत चांगलं पिवळं होतं. आत बोटं घातली तर करडं-हिरवं, मऊ, आणि त्यातून भुकटी उडाली. गेल्या वर्षी ओल्याच गुंडाळल्या असणार मी. माझ्या भावाच्या उशाशी मी पंखा लावून ही भुकटी त्याच्या छातीत सोडत होते, तीन आठवड्यांच्या वर, आणि पाणी उकळत होते. त्या अंगणात मला माझी जेवढी किळस आली, तेवढी आयुष्यात कधी आली नाही.

डॉक्टरांनी थुंकी पुन्हा तपासायला लावली, या वेळी बुरशीच शोधायला सांगून, आणि ती सापडली. मी रडायला लागले तर म्हणाल्या, ती ताटीतलीच असं छातीठोक सांगता येत नाही. बुरशी हवेत सगळीकडे असते. तुम्ही-मी ती रोज ओढतो, आपल्याला काही होत नाही. याच्या शरीराचे पहारेकरी आपणच झोपवलेत. माझी चूक होती की नव्हती याचा हिशेब त्यांनी मांडलाच नाही. त्यासाठी मी त्या बाईंची जन्मभर ऋणी आहे.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. या बुरशीवर एकच इंजेक्शन आहे. ते बुरशीला मारतं, पण किडनीलाही इजा करतं. शिवाय किडनी सांभाळणाऱ्या गोळ्याही कमी कराव्या लागतील. म्हणजे छाती वाचेल, पण किडनी जाऊ शकते. इंजेक्शन दिलं नाही, तर किडनी राहील आणि माणूस राहणार नाही.

"द्या," मी म्हणाले. "आत्ता द्या."

"नको," बाबू म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो. "दुसरं औषध द्या. हे नको." एवढं बोलून त्याला दम लागला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

मी त्याला समजावलं, मग रागावले, मग इतकी ओरडले की सिस्टरने मला वॉर्डाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाल्या, एकेक दिवस महाग आहे. बाबू मान हलवायचा, बस. पोरगं जगायला का तयार नाही, मला काही केल्या कळेना.

बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर आत्या बसली होती. मी तिच्याजवळ बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "आत्या, तुले काही समजते का? काहून नाही म्हणून राहिला हा?" तेच शब्द होते, 'तुले काही समजते का.' फक्त या वेळी मी खरंच विचारत होते.

"बोलू?" ती म्हणाली.

"बोल."

"ओरडशीन."

"नाही ओरडत."

आत्याने पदराने तोंड पुसलं. "तू त्याले किडनी देली, पण हातातून सोडली नाही वं. दिवसातून वीस खेपा, माझी किडनी, माझी किडनी. तो काय म्हणीन? ताईची वस्तू आपल्या हातून खराब होऊन राहिली. आपला जीव गेला तरी चालीन, पण तिची वस्तू नाही गेली पाहिजे. तोंडानं सांगत नाही तो. पण मी त्याले लहानपणापासून ओळखतो. उसनी पेन्सिल तुटली तर चार दिवस जेवत नव्हता."

व्हरांड्यात लोक येत-जात होते, कुणाच्या तरी डब्यातून कांद्याचा वास येत होता, आणि मला माझंच बोलणं एकेक करून आठवायला लागलं. लोणचं. गॅलरी. मी हसून म्हणायचे, तो हसायचा.

आत गेले. सिस्टरला हात जोडले, म्हटलं, ओरडणार नाही. बाबूच्या कानाशी वाकले. एवढ्या हळू मी कधी बोलले नव्हते.

"बाबू, ती किडनी तुझी आहे. मी परत मागायले येणार नाही. खराब झाली तर तुझी खराब झाली. मले किडनी नाही पाहिजे रे, भाऊ पाहिजे."

तो भिंतीकडे पाहतच म्हणाला, "गेली, तर ओरडशील."

"ओरडीन. पण किडनीसाठी नाही. दुसरं काही शोधीन."

त्याचे खांदे हलले. हसत होता की रडत होता कुणास ठाऊक. मग त्याने हात बाहेर काढला, इंजेक्शनसाठी, तळवा वर करून.

पण ते औषध नागपुरात मिळत नव्हतं. मी तशीच एक्स्चेंजला गेले, हेडफोन चढवला.

"हॅलो बॉम्बे."

"काय गं नागपूर, आज आवाज बसलाय तुझा?" पलीकडून तीच, माझी भांडखोर.

मी तिला सांगितलं. ड्युटीच्या लाइनवर घरचं बोलायचं नसतं. आमच्या सुपरवायझर बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि पाणी प्यायला म्हणून निघून गेल्या. एक पेला पाण्याला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला. बॉम्बेने औषधाचं नाव एकेक अक्षर करून लिहून घेतलं, मला पुन्हा वाचून दाखवलं आणि लाइन कापली. दोन तासांनी तिचाच फोन. मिळालं. थंड ठेवायचं आहे, उजेड लागू द्यायचा नाही. माझा नवरा रेल्वेत आहे, आजच्या मेलच्या गार्डाकडे देतो, सकाळी स्टेशनवर उभी राहा.

"तुझं नाव तरी सांग," मी म्हणाले.

"आता नाव कशाला? बॉम्बेच म्हण. बरं झालं की पुन्हा भांडायचंय आपल्याला."

सकाळी गार्डाने माझ्या हातात लाल थर्मास दिला. झाकण जुन्या साडीच्या किनारीने घट्ट बांधलेलं होतं, आणि आतला बर्फ अजून वाजत होता. ती किनार माझ्याकडे आहे.

सलाइनच्या बाटलीला एक्स-रेचा काळा कागद गुंडाळून ते पिवळं औषध थेंब थेंब जायचं, तासन्‌तास. अर्ध्या तासात बाबूला हुडहुडी भरायची. जूनच्या नागपुरात तीन ब्लँकेटं घालूनही लोखंडी खाट वाजायची. आत्या त्याचे पाय धरायची, मी खांदे. रोज रक्त तपासायचे. किडनीचा आकडा चढायला लागला, डॉक्टर एक दिवस औषध थांबवायच्या, पुन्हा द्यायच्या. मी आकडा विचारायचे आणि गप्प राहायचे. ज्या लोकांना मी खिडकीबाहेर बसवलं होतं, त्यांनी आपापसांत पाळ्या लावून आम्हा दोघींना डबे पोचवले. वॉर्डाच्या दाराशी उभे राहून विचारायचे, "इथूनच बोलायचं ना?" कुणाच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि भूकही लागायची, आणि मी ते डबे चाटूनपुसून खायचे.

तिसऱ्या आठवड्यात ऑक्सिजनची नळी निघाली. महिन्याने बाबू वॉर्डाच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत आला, आणि परत आल्यावर पूर्ण वाक्य बोलला. "ताई, भात कच्चा होता आज."

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. कूलरची पेटी आम्ही भंगारात दिली. बाबूने त्यानंतरचे सगळे उन्हाळे नुसत्या पंख्याखाली काढले. पुढे त्याचं लग्न झालं, त्याने खूप वर्षं शाळेत शिकवलं. बॉम्बेशी मी थेट डायलिंग येऊन आमचे बोर्ड बंद होईपर्यंत भांडले. तिला मी कधीच पाहिलं नाही. आत्या दर वर्षी संत्री घेऊन यायची, स्वतः सोलून द्यायची, आणि काही सांगायचं असलं की मी आधी म्हणायचे, बोल, नाही ओरडत. निम्म्या वेळा तरी मी तो शब्द पाळला.

पण सारखा आठवतो तो बाबूला दवाखान्यातून सुट्टी मिळाली तो दिवस. डॉक्टरांनी खिडकीशी फोटो धरला. डाग आक्रसून बोराएवढा झाला होता. मग रक्ताचा कागद पाहिला. किडनी थोडी थकली होती, पण काम करत होती. त्या हसून बाबूला म्हणाल्या, "काय मास्तर, काय म्हणते किडनी?"

सवयीने माझंच तोंड उघडलं. आत्याने कोपराला चिमटा काढला.

"माझी ठीक आहे, डॉक्टर," बाबू म्हणाला. मग माझ्याकडे बोट केलं. "हिची तपासा एकदा. हिच्याजवळ एकच उरली आहे."